एक सूत खाली

“मी हिरालालले फोन करून टाकला. पाच वाजता टेम्पो घेऊन येते तो. आता याच्यावर बोलनं नाई,” अंकित म्हणाला.

“माह्या गाडीचा सौदा करनारा तू कोन बे?”

“सौदा कायचा बाबा? भंगार आहे थे. काट्यावर जाईन.”

“काट्यावर तुयी अक्कल ठेव आधी. गाडी दुरुस्त झाली आहे. कालच बंडूजीनं कार्बेटर खोललं.”

“मंग हे काय आहे?”

अंकितनं बोट खाली केलं. मोरीच्या बाजूला काळी मोटारसायकल साईड स्टँडवर उभी होती. तिच्या पोटाखाली स्टीलची वाटी होती आणि वाटीत पेट्रोलचे थेंब पडत होते. एक पडला की दुसरा नळीच्या टोकाशी तयार. सदाशिवरावांनी वाटीकडे पाहिलंच नाही. ते प्लास्टिकच्या स्टुलावर बसून पेचकसाचं टोक फडक्यानं पुसत राहिले.

स्वयंपाकघराच्या खिडकीत सपना, अंकितची बायको, ओढणी नाकाला लावून उभी होती. पाचवा महिना होता तिला. “आई, तुमीच सांगा. सकाळपासून पान्याचा घोट पोटात ठरला नाई. वरनाले फोडनी देली तरी मले पेट्रोलचाच वास येते. जाऊ का मी माहेरी?”

तिघांनीही देवकाबाईंकडे पाहिलं.

“थे वाटी माही आहे,” देवकाबाई म्हणाल्या.

वाटीचा विषय भांडणात अजून कुणी काढला नव्हता. 

“आहेरातली आहे. सकाळपासून हुडकून राह्यली मी. सपनाले इचारलं, शेजारी इचारलं. आन तुमी तिच्यात पेट्रोल धरून राह्यले.”

“दुसरं काई हाताशी नोतं,” सदाशिवराव पुटपुटले.

देवकाबाईंनी घड्याळ पाहिलं. पावणेतीन. भंगारवाल्या हिरालालला यायला सव्वादोन तास होते. त्यांना वाटीचं दुःख होतंच, पण खरी काळजी दुसरी होती, आणि ती या घरात अजून कुणालाच ठाऊक नव्हती.

नाचणगावच्या दूध संस्थेत देवकाबाई एकोणीस वर्षं दूध तपासायला होत्या. सकाळी साडेपाचला केंद्राचं शटर वर जायच्या आत त्या हजर असत. उंच नळकांड्यात दूध ओतायचं, काचेचा लॅक्टोमीटर त्यात सोडायचा, तो डुलायचा थांबला की खाली वाकून आकडा वाचायचा. दूध पातळ असेल तर काच जास्त बुडते, घट्ट असेल तर वर राहते. देवकाबाई आकडा मोठ्यानं सांगत आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत नसत. त्यामुळे भांडणं कमी व्हायची. रूपराव पाटलाचं दूध त्यांनी एकदा परत केलं तेव्हा पाटलानं पंधरा दिवस बोलणं टाकलं होतं, आणि सोळाव्या दिवशी चांगलं दूध आणलं होतं. दोन वर्षांपूर्वी संस्था बंद पडली. लॅक्टोमीटर देवकाबाईंनी घरी आणला, सुती फडक्यात गुंडाळून देवघराच्या फळीवर ठेवला. तेव्हापासून सकाळी साडेपाचला त्या जाग्या व्हायच्या आणि करायला काही नाही म्हणून अंगण धुवायच्या.

परवा एका नव्या डेअरीच्या माणसाचा फोन आला होता. आजूबाजूच्या चार गावांत सकाळी फिरून, गावातच दूध तपासून पुढे पाठवायचं काम. तुमचं नाव खूप जणांनी सांगितलं, तो म्हणाला. मग म्हणाला, “गाडी आहे ना बाई घरी? त्या वेळी एसटी नाही.”

“आहे,” देवकाबाई म्हणाल्या.

“चालवणार कोण?”

“आहे एक मानूस.”

“मग सोमवारी सहा वाजता पहिल्या गावात भेटू.”

आज रविवार होता. अंकितची स्कूटर पहाटेच त्याच्याबरोबर कारखान्यात जायची. उरली ही काळी गाडी. आणि तो एक माणूस म्हणजे सदाशिवराव, ज्याला अजून काही विचारलेलंच नव्हतं.

सदाशिवराव गवंडी. पुलगाव-नाचणगावात त्यांच्या हातची घरं मोजायला बसलं तर संध्याकाळ व्हायची. गेल्या वर्षी गुडघ्यांनी जवाब दिला, उकिडवं बसणं बंद झालं, आणि काम सुटलं. गाडी चालवायला गुडघ्याची ना नव्हती, पण गाडीनं जायचं कुठं? घरात बसून त्यांचा आवाज तेवढा चढला. मग दिवाळीपासून गाडी गळायला लागली आणि त्यांना उद्योग मिळाला.

त्या उद्योगाची सगळी विद्या देवकाबाईंना न मागता पाठ झाली होती. कार्बोरेटरच्या खाली एक छोटी बंद वाटी असते, तिच्यात पेट्रोल साठतं. त्यावर फ्लोट तरंगतो. पेट्रोल चढलं की फ्लोट चढतो, त्याच्या पाठीवरची पितळी जीभ एका सुईला दाबते, आणि सुई वरून येणारं पेट्रोल अडवते. जीभ एका बाजूला जराशी वाकवली तर सुई लवकर अडवते, वाटीतलं पेट्रोल खाली राहतं. दुसऱ्या बाजूला वाकवली तर उशिरा अडवते, पेट्रोल वर चढतं. फार वर चढलं की नळीवाटे बाहेर. फार खाली राहिलं की गाडी वेगात गचके खाऊन बंद.

आणि दोन महिने हेच चाललं होतं. बंडूजी मेकॅनिकनं सुई नवी टाकली, जीभ वाकवली, गाडी त्याच्या दुकानात तासभर उभी ठेवली. एक थेंब नाही. घरी आणली, अर्ध्या तासात टपटप. सदाशिवरावांनी घरी जीभ उलटी वाकवली. थेंब बंद. पण पुलगावच्या रस्त्याला लागले आणि गाडी खोकून खोकून थांबली, ढकलत आणावी लागली. पुन्हा बंडूजी, पुन्हा अंगण. बंडूजी म्हणायचा, माझ्याकडे गळत नाही. सदाशिवराव म्हणायचे, माझ्याकडे गळते. तीस वर्षांची ओळख, पण आता दोघंही एकमेकाला लबाड समजत होते.

“अंकित,” देवकाबाई म्हणाल्या, “पाच वाजेपर्यंत कोनी गाडीले हात लावनार नाई. आन सपना, गॅस बंद कर. आज दुपारचा चहा नाई.”

“काऊन?” अंकितनं विचारलं.

“मी पाहते म्हनते ना.”

“तू? तू काय पाहनार आई? तो कार्बेटर आहे, दुधाची बरनी नाई.”

देवकाबाईंनी पदर खोचला, गाडीजवळ गेल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, “खोला. मले दाखवा तुमी काय करता थे.”

सदाशिवरावांना हे अपेक्षित नव्हतं. बायको गाडीजवळ येते ती ओरडायला, असा त्यांचा दोन महिन्यांचा अनुभव. त्यांनी निमूटपणे पेट्रोलचा कॉक बंद केला, कार्बोरेटर काढला, वाटीचे स्क्रू सोडवले आणि कार्बोरेटर उलटा धरला. फ्लोट बोटभर उंच उभा राहिला.

“हे असं पाहाचं. जीभ सुईले नुसती टेकली पाह्यजे, दबली नाई पाह्यजे. मंग इथून तिथपर्यंत उंची.”

“किती पाह्यजे?”

“अंदाज असते त्याचा.”

“अंदाज?” देवकाबाईंनी मान वर केली. “मी एकोनीस वर्षं अंदाजानं दुधातलं पानी सांगतलं असतं तर लोकायनं मले केंद्रातच उलटं टांगलं असतं. माप नाई का त्याचं?”

“उंची पट्टीनं मोजता येते. पन आत पेट्रोल किती चढते थे कसं पाहाचं? वाटी धातूची आहे. आतलं काई दिसते का?”

“अन् तुमी दोन भिंतीची लेव्हल कशी काढता? एक भिंत इकडं, एक तिकडं, मंदात खोली. दिसते का?”

सदाशिवराव तिच्याकडे बघतच राहिले. आयुष्यभर त्यांनी पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढली होती. नळीची दोन टोकं दोन भिंतींशी धरायची, पाणी दोन्हीकडे एकाच उंचीवर उभं राहतं. अंकितही लहानपणी एक टोक धरायला उभा राहायचा. दोन महिन्यांत त्यांना ती नळी आठवली नव्हती.

“बारीक नळी लागन,” ते हळूच म्हणाले.

नळी होती. वाटीच्या बुडाशी पेट्रोल सोडायचा एक छोटा स्क्रू असतो, त्याच्याच तोंडाला ती लावलेली असते. जुनी पिवळी पडली होती, पण बंडूजीनं दिलेला नवा वीतभर तुकडा डब्यात पडून होता. कार्बोरेटर पुन्हा बसवला. नवी नळी लावून वर वळवली, वाटीच्या बाजूला उभी धरली, कॉक चालू केला, बुडाचा स्क्रू सैल केला. पेट्रोल नळीत चढलं आणि एका जागी थांबलं.

अंकितही जवळ येऊन उभा राहिला होता. त्यानंच बंडूजीला फोन लावला.

“वाटीचा जोड दिसते ना, थे रेघ,” बंडूजीचा आवाज स्पीकरवर आला. “तिच्या एक सूत खाली पाह्यजे पेट्रोल. पन मी बरोबर करून देल्लं होतं बरं. तुया बाप सकाळी उठून पुन्हा वाकवते, त्याले मी काय करू?”

“वाकवली का आज?” देवकाबाईंनी विचारलं.

“थोडीशी,” सदाशिवराव म्हणाले.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, गवंड्याच्या घरात हे पोरंही जाणतात. सदाशिवरावांनी स्टुलावरूनच वाकून पाहिलं. “रेघेच्या वर आहे. पाहा, दोन सूत वर. आता वाकवतो.”

“वरून नका पाहू. वरून पाह्यलं का वरच दिसते. डोळा रेघेशी आना.”

“गुडघे—”

“सरका.”

देवकाबाई उकिडव्या बसल्या. एक डोळा मिटून, लॅक्टोमीटर वाचायच्या तशाच. पेट्रोल जोडाच्या रेघेच्या वरच होतं, दोन नाही पण एक सूत नक्की. मग नळी धरून हात अवघडला म्हणून त्यांनी ती वाटीच्या पलीकडच्या बाजूला नेली आणि पुन्हा पाहिलं. तिथं पेट्रोल रेघेच्या चांगलं खाली होतं.

त्यांनी नळी परत अलीकडे आणली. वर. पलीकडे नेली. खाली.

“एकाच दुधाचे दोन आकडे,” त्या म्हणाल्या.

“काय?” अंकितला काही कळलं नाही.

“आमच्या केंद्रात एकदा असं झालतं. एकाच कॅनचं दूध, दोनदा पाह्यलं तर दोन आकडे. मानूस भांडाले उठला. मंग पाह्यलं तर टेबलाचा एक पाय उंदरानं पोखरलेल्या जागी गेलता. नळकांडं तिरपं, काच त्याच्या भिंतीले टेकून राह्यली. दुधात काई नोतं. टेबलात होतं.”

त्या उठल्या, मोरीजवळची बादली उचलली आणि दारापाशी जाऊन तांब्याभर पाणी फरशीवर ओतलं. त्यांना पाहायची गरज नव्हती. हे अंगण त्या दोन वर्षं रोज धूत होत्या. पाणी एका रेघेत निघालं, मोटारसायकलच्या दोन चाकांच्या मधून गेलं आणि मोरीत पडलं. फरशीवर एक थेंब थांबला नाही.

हा उतार सदाशिवरावांनी स्वतः काढला होता. दहा फुटांना दोन इंच. पाहुण्यांसमोर ते मुद्दाम पाणी ओतून दाखवायचे आणि म्हणायचे, गावात असं अंगण दाखवा मले. आता ते स्टुलावर बसून त्या ओल्या रेघेकडे बघत होते.

“आन उतारावर साईड स्टँड,” ते म्हणाले. “अजून कलते गाडी.”

“हौ.”

“म्हनजे बंडू खोटं बोलत नोता.”

“तुमीबी नोते बोलत. त्याची जमीन सपाट, तुमची उताराची. इथं गळू नये म्हनून तुमी पेट्रोल खाली केलं का रस्त्यावर गाडीले पुरत नाई.”

“पन गाडी पंचवीस वर्षांपासून आहे या घरात,” अंकित म्हणाला. “दिवाळीपासूनच काऊन गळाले लागली?”

देवकाबाईंनी फाटकाशेजारच्या टिनाच्या शेडकडे पाहिलं. तिथली जमीन सदाशिवरावांनी सिमेंटची पोती ठेवायला केली होती, कुठंही कमी-जास्त नाही. तिथं अंकितची निळी स्कूटर कव्हर घालून उभी होती.

“दिवाळीले कोनाची गाडी आली घरी? आन तिच्या जागी आधी कोन उभं राहत होतं?”

अंकितनं स्कूटरकडे पाहिलं, मग बापाकडे. बाप पेचकस पुसत होता, पण ओठ मिटून, हसू दाबून.

“काढ बापा तुयी गाडी,” सदाशिवराव म्हणाले.

स्कूटर निघाली. मोटारसायकल शेडखाली मेन स्टँडवर सरळ उभी राहिली. देवकाबाई पुन्हा उकिडव्या बसल्या. नळी अलीकडे धरली, पलीकडे धरली. दोन्हीकडे एकच आकडा. जोडाच्या रेघेला अगदी टेकलेलं. रस्त्यात गाडी खोकू नये म्हणून सकाळी सदाशिवरावांनी वाकवलेलं ‘थोडीशी’ म्हणजे बरोबर एक सूत वर होतं.

मग खरं काम सुरू झालं. कार्बोरेटर उतरवायचा, उलटा धरायचा, पट्टीनं फ्लोटची उंची मोजायची, पेचकसाच्या टोकानं जीभ केसभर हलवायची, पुन्हा मोजायची, बसवायचा, नळीत पाहायचं. पहिल्यांदा पेट्रोल फारच खाली गेलं. “तुमचा हात विटा फोडाचा आहे,” देवकाबाई म्हणाल्या, “जरा आवरून.” दुसऱ्यांदा अर्धं सूत कमी पडलं. अंकितनं चालेल म्हटलं. सदाशिवराव चालेल म्हणायच्या बेतात होते, पण बायकोचा चेहरा बघून पुन्हा पाना उचलला. चार वाजून गेले. सपना बाहेर येऊन दाराच्या चौकटीला टेकली. देवकाबाईंनी मधल्या वेळात मोरीकडची फरशी निरम्यानं दोनदा घासून धुतली होती.

तिसऱ्यांदा पेट्रोल नळीत चढलं, थोडं डुललं आणि थांबलं.

“सांगा,” सदाशिवराव म्हणाले. घरात ते बायकोला असं कधी म्हणत नसत. केंद्रावर दूध घेऊन आलेली माणसं म्हणायची तसं म्हणाले.

“एक सूत खाली,” देवकाबाईंनी वाचलं. “ना कमी ना जास्त.”

स्क्रू कसला. नळी खाली सोडली. चौघंही नळीच्या टोकाकडे बघत उभे राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. टोक कोरडं राहिलं.

“उभी तर राह्यली,” अंकित म्हणाला, पण आवाजात मघाचा जोर नव्हता. “चालन का?”

“बसा मागं,” सदाशिवराव बायकोला म्हणाले.

देवकाबाई बसल्या. वर्षभरात बसल्या नव्हत्या. पूर्वी याच गाडीवरून त्या अल्लीपूरला माहेरी जायच्या, टाकीवर अंकित, मांडीवर पिशवी. तिसऱ्या किकला गाडी लागली. गल्लीतून हळू, मग पुलगावचा रस्ता. कापसाचा एक ट्रॅक्टर पुढे होता. सदाशिवरावांनी गिअर टाकला, मूठ पिळली. जिथं गाडी हटकून खोकायची तो वळणावरचा लिंब आला. देवकाबाईंनी नकळत सीटखालची कडी घट्ट धरली. लिंब मागं गेला. ट्रॅक्टरही मागं गेला.

“पाह्यलं का?” सदाशिवराव वाऱ्यात ओरडले.

“पाह्यलं. पुढं पाहा तुमी.”

वळून येताना त्या म्हणाल्या, “अंकितचे बाबा, सकाळी साडेपाचले उठता येते का तुमाले?”

“मले झोपच कुठं येते चारच्या नंतर. काऊन?”

“काई नाई. चला घरी.”

फाटकापाशी टेम्पो उभा होता. हिरालाल ओट्यावर बसून सपनानं दिलेला कच्चा चिवडा खात होता, आणि सपनाही समोर बसून खात होती. सकाळपासून तिच्या पोटात गेलेला हा पहिला घास. देवकाबाईंनी ते पाहून घेतलं.

“भाऊ, हे तर चालू गाडी आहे,” हिरालाल गाडी बघून उठला. “मले त अंकितनं भंगार सांगतलं.”

“होतं भंगार, तीन वाजेपर्यंत,” सदाशिवराव म्हणाले. मोटारसायकल सरळ शेडखाली नेली आणि मेन स्टँडवर चढवली. अंकितची स्कूटर मोरीकडे उतारावर उभी होती. तिच्याकडे बघून ते म्हणाले, “इचं काई बिघडत नाई तिथं.”

“माह्या टेम्पोचा फेरा गेला न काकू,” हिरालाल कुरकुरला.

देवकाबाई मोरीपाशी गेल्या. आहेरातली वाटी तिथं पालथी पडली होती. चारदा घासूनही तिचा वास जात नव्हता, आणि आता तिच्यात कुणी वरण वाढणार नव्हतं. त्यांनी ती हिरालालच्या हातात दिली. “रिकाम्या हातानं नको जाऊ.”

हिरालालनं वाटी नाकाशी नेली, तोंड वाकडं केलं आणि हसत टेम्पोत टाकली. टेम्पो गेला.

देवकाबाई आत गेल्या. देवघराच्या फळीवरून फडक्यातली काच काढली, उजेडात धरून कुठं तडा नाही ना पाहिलं आणि ती घेऊनच बाहेर आल्या. तिघंही ओट्यावर होते.

“उद्यापासून मी कामाले चालली. चार गावचं दूध तपासाले. सहाले पहिल्या गावात पोचाचं आहे,” त्या म्हणाल्या. “गाडी हे चालवतीन. सपना, डबे दोन भरजो.”